भूगोलाचा राहिलेला पेपर

गेल्या महिन्यात घराला रंग काढला. मुलाच्या खोलीतलं भिंतीतलं कपाट रिकामं केलं, तेव्हा पेंटरने दाराच्या आतल्या बाजूला बोट दाखवून विचारलं, "ताई, हा कागद खरवडून काढू का?"

सहा वर्षांपूर्वीचं दहावीचं वेळापत्रक होतं ते. मार्च 2020. एकेक पेपर झाला की घरी येऊन हिरव्या स्केचपेनने त्यापुढे बरोबरची खूण करायची, असा चिरंजिवांचा रिवाज होता. मराठीपासून इतिहासापर्यंत सगळ्या खुणा जागच्या जागी आहेत. शेवटची ओळ मात्र कोरी आहे. 23 मार्च, भूगोल.

ज्यांच्या घरी त्या वर्षी दहावी होती त्यांना हे सांगायला नको. त्या एका पेपरामुळे आम्हा आईबापांची एक वेगळीच जमात झाली.

परीक्षा 3 मार्चला सुरू झाली होती. सेंटरबाहेर पालकांना तसं काही काम नसतं, पण घरी कोणी जात नाही. शाळेसमोरच्या गुलमोहराखाली गाड्या लावून, सीटवर एका कुशीने बसून आम्ही चौघं पहिल्याच दिवशी बोलायला लागलो. नावं कोणी विचारली नाहीत. अमक्याची आई, तमकीचे बाबा, एवढ्यावर भागायचं. एक सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर, नाइट ड्यूटी करून तशाच आलेल्या. एक हिंजवडीला नोकरी करणारे आयटीवाले. एक रिक्षावाले दादा. मुलीला सोडून ते सकाळच्या भाड्यावर पाणी सोडायचे आणि पेपर सुटेपर्यंत रिक्षातच बसून राहायचे. आणि सहकारी बँकेत कॅशला बसणारी मी.

होळीच्या दिवशी, 9 मार्चला, पुण्यातले पहिले दोन रुग्ण सापडले. दुबईहून आलेलं जोडपं, नायडू हॉस्पिटलात ठेवलेलं. पुढच्या पेपराला गुलमोहराखाली तीच चर्चा. दादा म्हणाले, "आपल्या उन्हात नाही टिकायचा तो. एप्रिल लागू द्या." आयटीवाल्यांच्या खिशात तेव्हाच सॅनिटायझरची बाटली होती. सिस्टर एवढंच म्हणाल्या, की 2009 च्या स्वाइन फ्लूत याच पुण्यात शाळा बंद झाल्या होत्या, तेव्हा आपली पोरं बालवाडीत होती. म्हणजे शाळा बंद होणं या मुलांच्या पत्रिकेतच होतं म्हणायचं, असं मी म्हणाले आणि आम्ही हसलो. त्यानंतर बराच काळ चौघं एकत्र हसल्याचं मला आठवत नाही.

इतिहासाचा पेपर झाला आणि भूगोलाचा पुढे ढकलल्याचं कळलं. दुसऱ्या दिवशी जनता कर्फ्यू. संध्याकाळी पाचला गॅलऱ्यांतून थाळ्या वाजल्या. सासूबाईंनी पितळेची पळी आणि ताम्हन घेतलं. स्टीलचा आवाज त्यांना पटेना. पंचवीसला गुढीपाडवा, आणि देश बंद. त्या पाडव्याला साखरेच्या गाठीवाचून गुढी उभी राहिली. कडुनिंबाचा डहाळा वॉचमनने गेटच्या फटीतून आत सरकवला, तो आम्ही सहा घरांनी वाटून घेतला.

मुलगा बिचारा अभ्यास करतच होता. पेपर पुढे ढकललाय, रद्द झालेला नाही, त्यामुळे पुस्तक मिटता येईना. दहावीच्या भूगोलात दोनच देश आहेत, भारत आणि ब्राझील. त्यांचं हवामान, लोकसंख्या, वाहतूक, सगळ्याची तुलना करायची. पहिल्या धड्याचं नाव क्षेत्रभेट. "आई, क्षेत्रभेटीला जाताना काय काय साहित्य न्यावं, हा प्रश्न नक्की आहे," असं तो मला सांगत होता, आणि मी खाली दूध आणायला निघाले होते. साहित्य माझ्याकडे होतं: रुमाल, हातमोजे, सुट्टे पैसे, वेगळी पिशवी. ती पिशवी दाराबाहेरच्या खिळ्याला टांगलेली असायची आणि तिला घरात यायला बंदी होती.

एप्रिलच्या मध्याला पेपर रद्द झाला. इतर विषयांच्या सरासरीने भूगोलाचे मार्क मिळणार, असं ठरलं. पुढे या सरासरीवर मी खूप विचार केला, पण तेव्हा फक्त पुस्तक मिटलं गेल्याचं बरं वाटलं.

खरा भूगोल मात्र तिथून पुढे सुरू झाला. आमचा नकाशा रोज लहान होत गेला. आधी जिल्ह्याची हद्द, ई-पास असेल तरच ओलांडायची. मग लाल, केशरी, हिरवा झोन. मग पेठांमधल्या गल्ल्यांच्या तोंडाशी ठोकलेले पत्रे आणि बांबू. मग सोसायटीचं गेट आणि शेवटी आपला उंबरठा. प्रत्येक हद्दीवर वाद होता. बाहेर सरकारचा नियम एक होता, पण घरागणिक त्याचा अर्थ वेगळा लागत होता. काही घरांत तर माणसागणिक.

आमच्याच घरात दोन पक्ष होते. मी कडक. माझं म्हणणं, मी बँकेत दिवसभर लोकांच्या नोटा मोजते, घरात अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई आहे, तेव्हा भाजी सोड्याच्या पाण्यातून निघाल्याशिवाय ओट्यावर येणार नाही. नवरा सैल. दुधाच्या पिशव्या साबणाने धुता धुता एक फुटली, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "आता दूध निर्जंतुक झालं." समोरचे काका पेपरला इस्त्री करून वाचायचे, आणि पुढे घरोघर पेपर टाकणंच काही आठवडे बंद झालं तेव्हा ते जुने पेपर इस्त्री न करता पुन्हा वाचायला लागले. आज हे सांगताना हसू येतं, पण तेव्हा कोथिंबिरीला साबणाचा वास येतो म्हणून आम्ही नवराबायको दोन दिवस बोलत नव्हतो.

गुलमोहर सुटला, तरी सेंटरवरच्या पालकांचा मोबाइलवरचा आमचा ग्रुप सुटला नव्हता. 'दहावी सेंटर' हे त्याचं नाव. पेपरांच्या वेळा कळाव्यात म्हणून काढलेला, पण पेपरच उरले नाहीत तेव्हा तो खऱ्या अर्थाने चालायला लागला. सकाळी काढ्याची कृती, दुपारी आर्सेनिक अल्बमच्या गोळ्या कुठे मिळताहेत ती खबर, रात्री भांडण.

पहिलं मोठं भांडण मावशींवरून झालं. कामाच्या मावशींना सोसायटीत घ्यायचं की नाही? आयटीवाले त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. लिफ्टमध्ये थर्माकोलच्या तुकड्यावर टूथपिक टोचून ठेवायची, एका काडीने बटण दाबायचं आणि काडी डब्यात टाकायची, ही व्यवस्था त्यांच्याकडे पहिल्यांदा झाली, मग आम्ही उचलली. मावशी, इस्त्रीवाला, सायकल खेळणारी मुलं, सगळ्यांना त्यांच्याकडे मनाई. दादांनी एका रात्री ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करून टाकला: "साहेब, माझी बायको चार घरची धुणीभांडी करते. तुम्ही म्हणता घरात बसा. आम्ही बसलो तर तुमचा नियम पाळला जातो, पण आमची चूल कोण पेटवणार? आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं. दोन हात अंतर ठेवायचं, तर चार जणांनी भिंतीवर चढून बसायचं का?"

त्यावर बराच वेळ कोणीच काही लिहिलं नाही. मग आयटीवाल्यांनी लिहिलं, की त्यांच्याकडच्या मावशींचा पगार ते घरपोच करताहेत, पूर्ण. दादांनी नमस्काराची खूण टाकली. पण मुद्दा मिटला नव्हता. पगार मिळाला तरी कामावर न जाता माणसाने किती दिवस खायचं, हाही प्रश्न होताच. आणि सगळ्याच घरांनी पगार दिले नव्हते, हेही आम्हाला माहीत होतं.

सिस्टरांचं मत कोणाच्याच पक्षात बसत नसे. "पोरांना खाली खेळू द्या," त्या लिहायच्या. "मोकळ्यावर खेळून काही होत नाही. तुम्ही पोरांना कोंडता आणि आठ जण एसी लावून घरात वाढदिवस करता." हे वाचून एकीकडे दादा खूश आणि दुसरीकडे वाढदिवस केलेले तीन जण नाराज. बंद खोलीतली हवाच घातक, हे सगळीकडे बोललं जाण्याच्या आधीच आमच्या ग्रुपवर आलेलं होतं, फक्त आम्ही ते सल्ला म्हणून न वाचता टोमणा म्हणून वाचलं. ड्यूटीवरून आल्यावर त्यांना स्वतःच्या सोसायटीत जिन्याने जायला सांगितलं होतं, लिफ्ट वापरायची नाही. पाचवा मजला. हे त्यांनी आम्हाला दोन वर्षांनी सांगितलं.

सासूबाई या सगळ्याकडे जरा लांबून बघायच्या. त्यांची आजी 1897 च्या प्लेगात पुण्यात लहान मुलगी होती. गोरे सोजीर घरं तपासायला माजघरापर्यंत शिरत, माणसं गाव सोडून बाहेर माळावर झोपड्या बांधून राहत, हे सासूबाईंनी आजीच्या तोंडून ऐकलेलं. "तेव्हासुद्धा घराघरांत हेच," त्या म्हणायच्या. "एक म्हणायचा माळावर जाऊ, दुसरा म्हणायचा देवघर सोडून कुठं जायचं." मी त्यांना सांगितलं, की आत्ताचा बंदोबस्त ज्या कायद्याने चाललाय तो त्याच सालचा आहे, साथरोग कायदा 1897. त्या म्हणाल्या, "मग बरोबर. कायदा म्हातारा झाला की माझ्यासारखाच घरात बसवतो."

जूनमध्ये आयटीवाल्यांचे वडील गेले, सोलापूरला. कोरोनाने नव्हे, झोपेत, वयाने. त्याआधी दोन महिने आयटीवाले येतो येतो म्हणत होते. ई-पासचा अर्ज दोनदा नामंजूर झाला होता. एका मित्राने विनापास न्यायची तयारी दाखवली, तर यांनीच नाही म्हटलं, नियम म्हणजे नियम. शेवटचे विधी त्यांनी फोनवर पाहिले. स्मशानात वीस माणसांची मर्यादा होती आणि त्या विसात ते नव्हते. त्यानंतर ग्रुपवर त्यांनी नियमांबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. गणपतीच्या सुमाराला लिफ्टमधला थर्माकोलचा तुकडा त्यांनी स्वतः काढला, असं त्यांच्या मुलाकडून कळलं.

त्या वर्षी आषाढीला माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. घरचा गणपती दोन फुटांचा, मंडळाचा चार फुटांचा. लालबागच्या राजाची मूर्तीच बसली नाही, मंडळाने रक्तदान आणि प्लाझ्मादान भरवलं. 7 सप्टेंबरला मुलगा मोबाइलवरून मान वर करून म्हणाला, "आई, आज आपण ब्राझीलच्या पुढे गेलो." क्षणभर मला वाटलं, भूगोलाचं काहीतरी. रुग्णांच्या आकड्यात भारत दुसरा आणि ब्राझील तिसरा झाला होता. तुलना करा, पाच मुद्दे लिहा. त्याच्या आवाजात ना भीती होती, ना गंमत. सोळाव्या वर्षी पोरगं आकडे असे वाचतं, हे बघून मलाच धास्ती वाटली.

अकरावी मोबाइलवर झाली. दादांच्या घरात एकच स्मार्टफोन, तो दिवसा रिक्षात असायचा. त्यामुळे मुलगी रात्री दहानंतर दिवसभराचे व्हिडिओ बघायची. शाळा-कॉलेजं उघडावीत की नाही यावर ग्रुपवर पुन्हा दोन तट पडले, तेव्हा उघडा म्हणणाऱ्यांत दादा सगळ्यात पुढे, आणि थांबा म्हणणाऱ्यांत मी. आज मागे बघताना वाटतं, मला थांबणं परवडत होतं. माझ्या मुलाला खोली होती, वायफाय होतं, दार लावायची सोय होती.

मग दुसरा पाडवा आला. 13 एप्रिल 2021. त्या रात्री मुख्यमंत्र्यांनी पुन्हा निर्बंध जाहीर केले, 'ब्रेक द चेन'. परवानाधारक रिक्षावाल्यांना दीड हजार रुपये. दादांना मी फोन केला, वाटलं चिडलेले असतील. ते म्हणाले, "बंद करायलाच पाहिजे होतं, ताई. उशीर केला." मी चाट पडले. ते आठवडाभर पेशंट घेऊन बेडसाठी फिरत होते. मागच्या सीटच्या पुढे त्यांनी जाड प्लॅस्टिकचा पडदा शिवून घेतला होता. मास्कशिवाय कोणी बसला तर रिक्षा हलत नसे. वर्षापूर्वी 'उन्हात नाही टिकायचा' म्हणणारा माणूस आता आम्हा सगळ्यांत कडक झाला होता, आणि सोलापूर हुकलेले आयटीवाले सगळ्यांत सैल. मतं बदलली होती असं मी म्हणणार नाही. ज्याने जे बघितलं, ते त्याच्या बोलण्यात उतरलं होतं.

माझ्या कडकपणाची परीक्षा त्याच महिन्यात झाली. नवरा पॉझिटिव्ह आला. बेडरूमचं दार बंद, दाराबाहेर प्लॅस्टिकची खुर्ची, तिच्यावर ताट ठेवायचं, मागे सरकायचं, मग त्याने उघडायचं. दर चार तासांनी मी बाहेरून विचारायचे, "किती?" आतून यायचं, "पंच्याण्णव." "परत बघ. बोट चोळून बघ." "शहाण्णव." तो खरं सांगतोय की माझ्यासाठी एक वाढवतोय, हे मला आजही माहीत नाही.

तिसऱ्या रात्री दीड वाजता उठले, तर पॅसेजमध्ये सासूबाई. ती ताटाची खुर्ची दाराला टेकवून त्यावर बसलेल्या, डोकं दाराला लावून. आत तो खोकत होता आणि या बाहेरून हळूहळू काहीतरी बोलत होत्या, शेजारच्या कोणाच्या तरी जुन्या भांडणाची गोष्ट. मी दबक्या आवाजात रागावले. एक डोस झालाय म्हणून काय झालं, वय काय, आणि दाराला टेकून कशाला? त्यांनी मान वळवली नाही. "त्याला गोवर आला होता तेव्हा मी त्याच्या अंथरुणात झोपले होते," म्हणाल्या. "आता मध्ये दार तरी आहे."

मी त्यांना उठवायला हवं होतं. वर्षभर मी हेच तर शिकवत होते सगळ्यांना. पण मी आतून त्यांची शाल आणली, त्यांच्या खांद्यावर टाकली आणि ओट्याशी जाऊन उभी राहिले. चार दिवसांनी त्यांना ताप आला, दोन दिवसांत उतरलाही. नवरा बारा दिवसांनी बाहेर आला. दोघं वाचले म्हणून ती रात्र आता गोड वाटते. नसते वाचले, तर तीच शाल माझ्या गळ्याशी आली असती. तेव्हा मी बरोबर केलं की चूक, याचं उत्तर निकालावरून देऊ नये, एवढं मला कळतं. निकाल सोडून ते कसं द्यायचं, हे कळत नाही.

म्हणून मला ती सरासरी आठवते. भूगोलाच्या पेपरात कोणाला किती येत होतं, हे कोणीच पाहिलं नाही. बाकीच्या विषयांवरून हिशेब करून मार्क दिले. बोर्डाला दुसरा मार्गही नव्हता. लाखो मुलांचा प्रश्न एकेकट्याने कसा सोडवणार? निर्बंधांचंही तसंच. ते सगळ्यांसाठी करावे लागतात, म्हणून सरासरीवर बेतावे लागतात. लग्नाला पंचवीस माणसं, दोन तास. किराणा सात ते अकरा. पण सरासरी घर म्हणून कुठलं घर मला तरी दिसलं नाही. एका घरी म्हातारं माणूस, दुसऱ्या घरी दहा बाय बाराची खोली, तिसऱ्याचा बाप सोलापूरला. आम्ही ग्रुपवर भांडत होतो ते खरं तर एकमेकांशी नव्हतोच. सरासरीपासून आपापलं घर किती लांब आहे, ते ओरडून सांगत होतो.

तिसरा पाडवा 2 एप्रिल 2022. राज्याने सगळे निर्बंध उठवले, मास्कसुद्धा ऐच्छिक झाला. तेव्हा मुलांची बारावीची परीक्षा चालू होती आणि आम्ही पुन्हा बाहेर उभे, या वेळी दोन वेगवेगळ्या कॉलेजांबाहेर. पाडव्यानंतरच्या पेपराला दादा मला सोडायला आले. मास्क घालावा की नको, यावर आम्ही रिक्षात बसूनच पाच मिनिटं वाद घातला. त्यांनी घातला, मी नाही. त्यांच्या मुलीने आर्ट्सला भूगोल घेतला होता. "दहावीचा राहिला होता ना," असं ती म्हणाल्याचं दादांनी सांगितलं. पुढे तिने त्यातच एमए करायचं ठरवलं. क्षेत्रभेटीला जाते आता, खरोखरच्या, वही-होकायंत्र घेऊन. फोटो ग्रुपवर येतात. ग्रुपचं नाव अजून तेच आहे.

वर्षातून एकदा आम्ही चौघं भेटतो, मिसळ खायला. शाळा एवढे दिवस बंद ठेवायला हव्या होत्या का, यावर अजून एकमत नाही. सिस्टर म्हणतात, लहानांच्या तर आधी उघडायला हव्या होत्या. दादा म्हणतात, दुसऱ्या लाटेत कॉलेजं उघडी असती तर माझ्या रिक्षात कोण कोण आडवं झालं असतं सांगता येत नाही. आयटीवाले ऐकतात आणि सगळ्यांचं बिल देतात. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांच्या दहाव्याला आयटीवाले सकाळी सातलाच हजर होते, सगळ्यात आधी.

पेंटर हातात पट्टी घेऊन उभाच होता. नवरा म्हणाला, "काढून टाका हो, सहा वर्षं झाली." मी म्हणाले, "राहू दे." मुलाला फोन लावला, तो बंगळूरला मीटिंगमध्ये होता, म्हणाला, तुमचं तुम्ही ठरवा. आमचं ठरेना. शेवटी पेंटरच वैतागला. त्याने कागदाच्या चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली आणि तेवढा चौकोन सोडून कपाट रंगवलं.